कासवाची मावशी

ससा, खार आणि कासव मिळून कासवाच्या मावशीला भेटायला निघाले, की माझं लाल पेन चालू लागायचं. लहान मुलांच्या अंकासाठी आलेल्या गोष्टी मी बरीच वर्षं तपासतो. प्राणी बोलले, भांडले, टोप्या घालून हिंडले तरी माझी हरकत नसे. मावशी मात्र खोडायचो. समासात लिहायचो, ‘प्राण्यांना अशी नाती नसतात. दुरावले की विसरतात.’ मांजर ही वाघाची मावशी तेवढी चालायची, कारण ती पडली म्हण! वर पंचतंत्राचा दाखला द्यायचो : हिरण्यक उंदीर लघुपतनक कावळ्याच्या पाठीवर बसून मंथरक कासवाकडे जातो, पण तिथे मैत्री आहे, गोतावळा नाही.

हे सगळं मी शास्त्राच्या नावाने करत होतो. वाचलेलं काहीच नव्हतं. भाबडेपणाची चीड होती, तिलाच शास्त्र म्हणत होतो.

मग २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाबद्दल वाचलं. चिंपांझी आणि बोनोबो पडद्यासमोर फळांचा रस पीत असतात. पडद्यावर शेजारी शेजारी दोन फोटो येतात, एक जुन्या सोबत्याचा, दुसरा अनोळखी प्राण्याचा. नजर कुठे रेंगाळते ते यंत्र टिपतं. ती जुन्या सोबत्यावर जास्त रेंगाळली, आणि ज्याच्याशी पटायचं त्याच्यावर आणखी जास्त. जपानमधल्या कुमामोतोची लुईस ही बोनोबो. तिने लोरेटा आणि एरिन यांना २६ वर्षांहून जास्त काळ पाहिलं नव्हतं. तिची नजर त्यांच्याच फोटोंकडे वळत राहिली.

लोरेटा तिची बहीण. एरिन भाचा.

‘भाचा’ या शब्दाशी मी अडलो. हीच नाती मी कापत होतो. माझ्यातला तपासनीस लगेच कुरकुरला : नजर रेंगाळणं म्हणजे माया नव्हे, आणि लुईस काही कासव नव्हे. दोन्ही खरं. पण ‘विसरतात’ हे मी कुणाच्या जिवावर लिहीत होतो? ज्या लेखकांना ते लिहून पाठवलं, त्यांतल्या एकानेही मला विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. शिवाय लुईसला तर कुणी भेटायलाही नेलं नव्हतं. नुसते फोटो.

आता मावशी राहते. फक्त लेखकाला सुचवतो, की तिने दारातच मिठी मारू नये, आधी जरा निरखून बघावं. चित्रकार तिला चष्मा घालतात, तो मात्र मी अजूनही काढायला लावतो.