आकडा बरोबर, माप वेगळं

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या एका शेतात एक छोटं प्रशिक्षण विमान येऊन आदळलं. बारामतीहून निघालेल्या त्या सेसना विमानात एकटी प्रशिक्षणार्थी तरुणी होती. हवेतच इंजिनाची ताकद गेली. तिला किरकोळ दुखापत झाली, जीव वाचला.

वसईतल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. ही बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मुलींना पहिला प्रश्न पडला तो असा : "टीचर, ऊपर पेट्रोल ख़त्म हो गया तो?"

त्यावर मी त्यांना कॅनडातली हकिगत सांगते. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. देशात तेव्हा पौंड जाऊन किलो येत होता. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. विमानातलं इंधन दाखवणारं यंत्र बिघडलेलं, म्हणून पट्टीनं मोजून लिटर काढले आणि लिटरावरून वजन. एका लिटरला सुमारे ०.८ किलो धरायचे, तिथे जुना १.७७ हा आकडा धरला गेला. तो पौंडांचा होता. कागदावर हिशेब जुळला, टाकीत निम्म्याहून कमी इंधन गेलं. हवेतच दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली.

पण विमान दगडासारखं खाली आलं नाही. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचं ग्लायडर उडवण्याचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांना गिमलीचा जुना हवाई तळ ठाऊक होता, कारण तिथे त्यांनी नोकरी केली होती. सुमारे सतरा मिनिटं तरंगत आणून त्यांनी विमान तिथे उतरवलं. ६९ माणसं वाचली.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर आमचीच एक मुलगी असते. नालासोपाऱ्याची. वडील शिवणकामाच्या कारखान्यात. दहावीला भौतिकशास्त्राचं कुठलंही गणित तिच्यापुढे टिकत नसे. अकरावीला इंग्रजीतून सायन्स घेतलं आणि दिवाळीनंतर ती घरीच बसली. वडील मला म्हणाले, "टीचर, साइंस इसके बस का नहीं."

मी तिच्या वह्या पाहिल्या. ऊर्जा तिला येत होती, पण 'तवानाई' म्हणून. बल येत होतं, 'क़ुव्वत' म्हणून. वस्तुमान म्हणजे तिची 'कमियत'. कॉलेजात हेच शब्द एनर्जी, फोर्स, मास होऊन समोर आले आणि तिला वाटलं, हा सगळा विषयच नवा आहे. वर्गात विचारायची लाज वाटली. दोन चाचण्यांत मार्क गेले आणि निकाल लागला : मुलगी कच्ची.

लोक लगेच म्हणतात, उर्दू माध्यमाचाच दोष. मला ते पटत नाही. कॅनडात किलो वाईट नव्हता, पौंडही वाईट नव्हता. एकातून दुसऱ्यात जाताना लागणारा आकडा चुकला होता. मुलगी ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत शिकली, हे चांगलंच झालं. पुढच्या भाषेत जाण्याचा पूल मात्र तिला कुणी बांधून दिला नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण पेढे वाटतो आणि हात झटकतो.

आता आम्ही एक वही केली आहे. तीन रकाने : उर्दू, मराठी, इंग्रजी. नववीपासूनच्या मुली ती भरतात. दर रविवारी ती मुलगी आणि तिच्यासारख्या दोघी येतात. कधी तीच नववीच्या मुलींना समजावते आणि समजावताना तिचा आवाज मोठा होतो.

तिच्या अब्बांशी बोलायला मी दोनदा घरी गेले. दुसऱ्या वेळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "जून तक देखते हैं, टीचर."

जूनला अजून चार महिने आहेत. वहीची चाळीस पानं भरली आहेत.