शिक्क्याची सोडचिठ्ठी

मैत्रिणींनो, सांभाराची जुडीसुद्धा आपण उलटूनपालटून घेतो, पण कागदावर सही मात्र मुकाट्याने करतो! आमच्या बोरगाव मेघेतल्या एका शेजारणीने घटस्फोटाचे कागद करून देणाऱ्याला पैसे मोजले. हाती आला नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर, पावती नाहीच. तिला वाटलं, सुटले एकदाची! पण हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून संमतीने घटस्फोटाची सोय असली, तरी तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मिळतो. नुसत्या शिक्क्यावर विसंबून दुसरं लग्न केलं, तर गुन्हा अंगाशी यायचा. शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला, मिळकत कितीही असो, वकील मोफत मिळू शकतो. त्यासाठी वर्ध्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तेव्हा बायांनो, आधी तिथे विचारा, मगच कुणाच्या हाती पैसे ठेवा.