आत्या, या शनिवारी ये

ती. आत्या,


काल फोनवर तू म्हणालीस, "शिकलेल्या माणसांत मी काय बोलणार? आणि आता बारीक अक्षरही दिसत नाही." तुझं हे म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही निसर्गावरची पुस्तकं वाचायला बसतो. पोरांसाठी शिबिरं असतात, सहली असतात. हे मात्र मोठ्यांसाठी. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी दुकान सांभाळणारं, कुणी घरचा स्वयंपाक उरकून आलेलं. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. तेव्हा डोळ्यांची अडचण तिथे येतच नाही.

सध्या दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' चाललंय. 1956 सालचं पुस्तक, मराठी महिन्यांवरचे लेख. ज्या महिन्याचा लेख, त्याच महिन्यात वाचतो आणि मग बाहेर पडतो. वैशाखात वाचनालयामागच्या ताम्हणाखाली उभे राहिलो. चुणीदार जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. राज्यफूल म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण रोज त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनीही ते असं निरखलं नव्हतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'वर तर खडाजंगी झाली. टोळी ताब्यात घेणारा वानर आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे काहींना रचलेलं वाटलं. मग शोधाशोध केली, तेव्हा कळलं की सुगियामा या जपानी संशोधकाने 1960 च्या दशकात धारवाडच्या रानात हे नोंदवलं होतं.

पण पुस्तकापलीकडचं सांगणारं आमच्यात कुणी नाही. गेल्या वेळी पावशापाशी गाडी अडली. तो स्वतःचं घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, एवढं वाचून समजलं. पण पावसाच्या किती आधी त्याचं 'पेरते व्हा' सुरू होतं? पेरण्या उरकल्यावर तो गप्प होतो का? कुणालाच सांगता येईना. तू तर जन्मभर तो आवाज ऐकत तिफणीमागे चाललीस.

मारुती चितमपल्लींना 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. वनाधिकारी असूनही रानाबद्दलचं कितीतरी ते आदिवासींकडून शिकले. आज आम्ही त्यांची पुस्तकं वाचतो, त्यामागे ही सांगणारी माणसं आहेत. तुझ्यासारखी माणसं 'आपल्याला काय कळतं' म्हणून घरी बसली, तर आमचं वाचन अर्धंच राहील.

येत्या शनिवारी ज्येष्ठाचा लेख आहे. पाच वाजता मी तुला न्यायला येते. बाकी नुसतं ऐकलंस तरी चालेल, पण पावशाचं तेवढं तूच सांग.

तुझी भाची