औट्रम घाटाच्या अल्याड-पल्याड
भाग २

शनिवार, देवगाव रंगारी

शिर्डीहून वेरूळला निघालेल्या गाड्या इथे थांबल्याच तर चहापुरत्या. पण १६२८ साली संत बहिणाबाई जन्मल्या त्या याच गावात. तुकोबांच्या या शिष्येनं आपलं चरित्र स्वतःच अभंगांत सांगितलं. सासर जवळच्या शिऊरचं, समाधीही तिथेच.

आम्ही गल्लीत शिरलो ते जुनी माळवदं पाहायला. हातभर जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. ओट्यावर बसलेल्या बाबांना विचारलं, "पावसाळ्यात गळत नाही का?"

"गळतंय की! दरसाल मिरगाच्या आधी माती टाकावी लागती. पोरं म्हणतेत, पत्रे टाका."

शेजारच्या घरावर पत्रे आलेही होते. दुपारी निघालो. दोन्हीकडे मका, कपाशी, मधेच आल्याचे वाफे. समोर ढगांत बुडालेली डोंगररांग. मुक्काम कन्नड.

रविवार, पितळखोरे

गाडी पठारावर ठेवून पायऱ्यांनी दरीत उतरलो. ही लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. विहाराच्या जोत्यावर ओळीनं हत्ती कोरलेत. पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानं दान दिल्याचा लेख इथे आहे. इथल्या एका यक्षाच्या हातावर तर कान्हदास या सोनारानं आपलं नाव कोरलंय. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पलीकडे कड्यावरून धबधबा कोसळत होता. त्याच पाण्यानं ठिसूळ खडक शतकानुशतकं झिजवला, कितीतरी दर्शनी भाग ढासळले. जिथे मन रमतं तिथेच नुकसान दिसतं. पाऊस वाढला, तसे चढून वर आलो.

सोमवार, पाटणादेवी

औट्रम घाट उतरताना वळणावळणाला खानदेश उघडत जातो. ढग मागे राहिले, ऊन लागलं. पाटण्याच्या जंगलात डोंगरी नदी ओलांडून चंडिकादेवीचं दर्शन घेतलं. धवलतीर्थ पाहायला आणखी आत चालावं लागतं. पाणी भरपूर होतं, तुषारांनीच भिजलो.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ काढला. १२०७चा शिलालेख ते सांगतो. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि त्यात गणित नाही, मठाच्या खर्चाची तजवीज आहे: पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालातून मठाला काय मिळावं, याची.

लेण्याला व्यापाऱ्याचा पैसा, मठाला बाजाराचा. बांधणं एकदाचं, सांभाळणं कायमचं. हे जुन्यांना ठाऊक होतं. देवगावच्या माळवदाला मात्र बाबांचीच पाठ. तिच्यानं होतंय तोवर माती पडेल, पुढे पत्रे. त्यांच्या पोरांना दोष देववत नाही. गळक्या छताखाली आपण राहत नाही.

पुढच्या भागात घाट पुन्हा चढून गौताळ्याच्या जंगलातून अंतूर किल्ल्याकडे.