पेन्सिल सेलचं सोंग

रत्नागिरीकराला आंब्यात फसवणं कठीण. पेटी उघडायची, एक फळ उचलून देठाशी नाक न्यायचं. कर्नाटकातून आलेला पाहुणा लगेच ओळखू येतो. एवढं नाक असून मी सेलमध्ये फसलो.

भाचा मे महिन्यात आला तो रिमोटची गाडी घेऊन. चार पेन्सिल सेलवर चालणारी. दीडाचे चार, म्हणजे सहा व्होल्ट. रोजची पाकिटं आणून कंटाळलो आणि लिथियमचे चार सेल घेतले. लांबी तीच, जाडी तीच, खाचेत टक्कन बसले. अंगावर १४५०० असं छापलेलं. मला वाटलं, मॉडेल नंबर असेल. ते होतं माप : १४ मिलिमीटर जाडी, ५० मिलिमीटर लांबी. खरा आकडा शेजारी बारीक अक्षरांत होता, ३.७ व्होल्ट. त्यातही पूर्ण भरलेला सेल ४.२ देतो. चौघांचे मिळून १६.८.

मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर गाडी सोडली. ही वाळू म्हणजे वेगळंच प्रकरण. तिच्यात लोहखनिज असतं, मोटारीतलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटारीच्या भोकांच्या कडेला दोन दिवसांच्या दाढीसारखे खुंट उगवतात. त्या दिवशी तेवढाही वेळ मिळाला नाही. "मामा, बघ बघ!" म्हणेपर्यंत गाडी सुसाट निघाली, नि थांबली. मग वास आला.

घरी येऊन पोट उघडलं. कॅपॅसिटरचं डोकं फुगून फाटलेलं, शेजारच्या काळ्या आयसीला तिळाएवढं भोक. मोटार मात्र धडधाकट. तिच्यात तांब्याची तार नि चुंबक. चार क्षण जादा व्होल्ट ती सोसते. बोर्डाला तेवढी सोशिकता नसते.

दुरुस्तीवाल्या काकांनी भिंगातून बघितलं. "मापात बसले म्हणून घातलेत? मीटर लावायला काय पैसे पडत होते?" कोकणात सहानुभूती अशीच मिळते.

दुसरा बोर्ड बसला. काकांनी दोनच लिथियम सेल ठेवले, उरलेल्या दोन खाचांत नुसती वीज पुढे नेणारे डमी. तरी भरलेल्या सेलचे ८.४ होतातच, म्हणून वाटेत तीन अँपिअरचे तीन डायोड एकापुढे एक जोडले. प्रत्येक डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो. बोर्डापर्यंत सहाच्या आसपास उरतात. सेल रिकामे होत आले की गाडी रेंगाळते. तेव्हा हट्ट न करता थांबायचं, कारण लिथियम सेल ३ व्होल्टच्या फार खाली ओढला तर तो कायमचा बिघडू शकतो.

माझं मत विचाराल तर ही सगळी खटपट हौसेची. निकेलचे चार्ज होणारे चार सेल, १.२ चे, मिळून ४.८; गाडी थोडी मंद, पण जळण्याची भीती नाही. भाच्याला हे पटत नाही. त्याला मांडवीवर ती सुसाट सुटलेली गाडीच आठवते.

तेव्हा तीन डायोडवाली गाडी राहिली. सेल चार्ज करायचे ते गाडीबाहेर काढून, लिथियमच्याच चार्जरवर, गादी-चादरीपासून लांब, पडवीतल्या जांभ्याच्या पायरीवर. आणि घरात कोणीतरी जागं असताना.