लाकडातलं पाणी

झाड तुटतं, पण पाण्याशी त्याचं नातं तुटत नाही. मुळं जातात, पानं जातात, ओंडक्याच्या फळ्या होतात, फळ्या तासून अडीच-तीन मिलिमीटरांवर आणतात, सरस लावून त्यांची गिटार घडवतात. तरीही लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतलं पाणी घेत राहतात, देत राहतात. आषाढात लाकूड पाणी पितं, चैत्रात सोडतं. वाद्य भिंतीवर टांगलेलं असो की पेटीत निजवलेलं, हा व्यवहार रात्रंदिवस चालू असतो, आणि मला तो फार पवित्र वाटतो.

अकूस्टिक गिटार म्हणजे बहुधा दोन रानांची भेट. तिचा टॉप, म्हणजे तारांखालची गुंजणारी फळी, पुष्कळदा सिटका स्प्रूसची असते. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत, धुक्यात आणि पावसात, हे सूचिपर्णी वृक्ष शेकडो वर्षं वाढतात. पाठ आणि कडा मात्र कितीदा तरी आपल्याकडच्या शिसवीच्या असतात. 1960च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलनं आपल्या रोजवूडचे ओंडके न चिरता बाहेर पाठवणं बंद केलं. त्यानंतर, 1969च्या सुमारास, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. पश्चिम घाटाच्या दक्षिण अंगाला, नैर्ऋत्य पाऊस झेलत वाढलेलं ते जांभळट-काळं लाकूड असं जगभर पोचलं. दोन्ही झाडं पावसाची लेकरं. एकमेकांना कधी न पाहिलेली ही दोन लाकडं कुणा कारागिराच्या हातून जुळतात आणि एका सुरात बोलू लागतात.

ओला ओंडका वाळतो तेव्हा आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं. तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. मग उरतं ते पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी, कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के. ते जाऊ लागलं की लाकूड आक्रसतं. पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत पुष्कळ. आणि रुंदीतही वाढीच्या वलयांच्या कडेकडेनं जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेला. म्हणून टॉपसाठी फळी अशी चिरतात की वलयांच्या रेषा तिच्या जाडीत उभ्या राहतील. लाकडाचा हट्ट कारागिरानं मोडला नाही. त्या हट्टाची सर्वांत सौम्य दिशा शोधून काढली. यापेक्षा मोठा आदर झाडाला कोणता देता येईल?

तरी एक ताण उरतोच. टॉपच्या पोटाशी स्प्रूसच्या आधारपट्ट्या तिरप्या-आडव्या चिकटवलेल्या असतात, तारांचा ओढा त्यांच्यावर तोललेला असतो. या पट्ट्या आपल्या लांबीत आक्रसत नाहीत. खोलीतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि तिथंच राहिली, तर लाकडातलं पाणी सुमारे नऊ टक्क्यांवरून पाचच्या खाली उतरतं. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या टॉपला तेव्हा दोन मिलिमीटरांहून जास्त आत यायचं असतं आणि पट्ट्या त्याला येऊ देत नाहीत. आधी टॉप खोलगट होतो, तारा दांडीवरच्या धातूच्या फ्रेटवर घासून कुरकुरतात, फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. एवढ्या खुणा देऊनही कुणी ऐकलं नाही, तर रेषेच्या दिशेनं चीर जाते.

पावसाळ्यात उलटा खेळ. टॉप फुगतो, तारा धरणाऱ्या ब्रिजमागं पोट येतं, तारा बोटांपासून दूर जातात, आवाज सादळतो. ओल फार दिवस टिकली तर सरस ढिला पडून ब्रिज उचलला जातो. आपल्या देशावर हे दोन्ही टोकांचे ऋतू एकाच खोलीत येऊन जातात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीसच्या खाली जाते, जुलैत ऐंशीच्या वर. कोकण-गोव्यातल्या वाद्याला कोरड्याचं भय कमी, बुरशीचं जास्त. शिकागोकडच्या मराठी घरांत हिवाळाच वैरी होतो. शून्य अंशाची पूर्ण ओली हवा वीस अंशांवर तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम पंचविशीत उरते. बाहेर बर्फ पडतंय आणि आत लाकूड तहानलेलं!

ही तहान मोजायची कशी? 1783मध्ये जिनीव्हाच्या होरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक जगापुढे मांडला. केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्यात आखडतो. एका जिवाचा केस दुसऱ्या जिवाच्या लाकडाची अवस्था सांगतो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. आजचे छोटे डिजिटल मापक स्वस्त आहेत, पण त्यांची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं ते चिखलासारखं ओलवा आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा पंचाहत्तरच्या जवळ असायला हवा. स्वयंपाकघरातलं मीठ निसर्गाचा इतका पक्का नियम पाळतं.

गिटारला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवतं. अख्खी खोली तिथं आणणं महाग, म्हणून पेटी हीच तिची खोली मानावी. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवावं, ते अधूनमधून तापवून पुन्हा कोरडं करावं. ओल धरणाऱ्या भिंतीवर वाद्य टांगू नये. ज्याच्याकडे डीह्युमिडिफायर आहे त्यानं एकदा त्याची टाकी उपसून पाहावी: जुलैच्या एका दिवसात खोलीच्या हवेतून लिटरांनी पाणी निघतं. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून काढलेला स्पंज पुरतो. पाणी लाकडावर ठिबकता कामा नये. दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावणाऱ्या घरांत वाद्यं सुखी राहिली असतील, असं माझं मन सांगतं. आणि घाई नको. कोरड्या वाद्याला एका रात्रीत चिंब करणं हाही घावच आहे.

वयानं लाकूड थोडं निवांत होतं. त्याच्या पेशींच्या भिंतींतली हेमिसेल्युलोज नावाची द्रव्यं सावकाश विघटित होत जातात, तसं ते हवेतलं पाणी कमी घेतं. मात्र नाजूकपणा संपत नाही, आणि चीर गेलीच तर कसबी दुरुस्तीवाला लगेच सरसाला हात घालत नाही. आधी तो वाद्याला कित्येक दिवस मोजूनमापून ओलावा देतो. लाकूड पाणी पितं, रुंदावतं आणि पुष्कळदा भेगेच्या दोन्ही कडा आपणहून एकमेकींना येऊन भिडतात. मग त्या जुळल्या जागी तो सरस भरतो आणि आतल्या बाजूनं स्प्रूसच्याच छोट्या चकत्या, रेषा आडव्या ठेवून, चिकटवतो.