सिस-हाचं पाणी

मेक्सिकोतल्या वायादोलिदच्या सान बेर्नार्दिनो मठाच्या आवारात एक दगडी घुमटी आहे. ऊन फार झालं म्हणून सावलीसाठी मी तिच्यात शिरले आणि कठड्यावरून खाली वाकले. खोल अंधारात पाणी हललं. अंगावर काटा आला. गढीसारख्या जाड भिंतींचा हा मठ, आणि त्याच्या पोटात पाणी!

युकातान द्वीपकल्पाच्या या भागात जमिनीवर नदी नाही. जमीन चुनखडीची. पडेल तो पाऊस ती पिऊन टाकते. त्या पाण्यानं हजारो वर्षं दगड विरघळत जातो, आत गुहा तयार होतात आणि कधीतरी एखादीचं छत कोसळून खालचं पाणी उघडं पडतं. ते सेनोते. मूळ शब्द मायांचा, स्पॅनिश जिभेवर असा झाला. मी सह्याद्रीकडची. आमच्याकडे विहीर म्हणजे काळ्या कातळाशी झुंज, सुरुंगावर सुरुंग. तो कातळ ज्या लाव्हारसातून झाला, तो दख्खनवर पसरत होता त्याच सुमारास, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, याच द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला चिकशुलुबला लघुग्रह आदळला. तिकडे मेरिदा शहराच्या बाजूला त्या आघातानं झालेल्या विवराच्या कडेनं सेनोत्यांची कमान आजही आहे. वायादोलिद त्या कमानीपासून दूर, पण दगड तोच, पाणी तसंच.

स्पॅनिशांनी हे शहर १५४३मध्ये आधी दुसरीकडे वसवलं. ती जागा मानवली नाही. दोनच वर्षांत ते मायांच्या सासी गावावर आले, तिथल्या इमारतींचे दगड काढून चर्च आणि घरं बांधली, गावाला आपल्याकडच्या शहराचं नाव दिलं. फ्रान्सिस्कन साधूंनी १५५२मध्ये मठ बांधायला घेतला तो बरोबर या सेनोत्यावर. १६१३मध्ये वर रहाट बसवला. त्याचीच ही घुमटी. देव बदलले, भाषा बदलली, पण तहान कुणाला बदलता येते? पाण्याचं नाव मात्र राहिलं : सिस-हा. मायांच्या भाषेत थंड पाणी.

१८४७मध्ये माया लोकांनी बंड केलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हे शहर घेतलं. या सेनोत्याच्या तळातून पाणबुड्यांनी त्या युद्धातल्या बंदुका आणि एक तोफ वर काढली. मठातून निघाल्यावर चौकातली फिकट रंगांची घरं, बाकांवर गप्पा मारत बसलेली माणसं, हुइपिलचे झगे घातलेल्या बायका, सगळं मला आवडलं. पण त्या बंदुका मनातून जात नव्हत्या.

दुपारी गावाबाहेरच्या सामुला सेनोत्याला गेले. आधी अंग धुवायचं, सनक्रीम वगैरे चालत नाही. ते मला फार योग्य वाटलं. ओल्या, अरुंद पायऱ्या उतरून गेलं की जमिनीच्या पोटात प्रचंड दालन. छताच्या भोकातून उन्हाचा एक झोत खाली येतो आणि वरच्या झाडाची मुळं दोरासारखी थेट पाण्यापर्यंत लोंबतात. झाडालाही माहीत होतं पाणी कुठं आहे ते.

लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले होते, इथं लाइफ जॅकेट होतं. पहिला गारठा छातीत बसला, मग अंग सैलावलं. मी उताणी तरंगत राहिले. कान पाण्याखाली गेले की माणसांचे आवाज बंद होतात. वर बघितलं तर ती मुळं आणि तो झोत. सिस-हा, मी मनात म्हटलं. सकाळी वाकून पाहिलेला अंधार आता माझ्या पाठीखाली होता, आणि त्याची भीती वाटत नव्हती.

हे पाणी उघड्यावर वाहत नाही, म्हणून ते कुणाच्या नजरेस येत नाही. वर जमिनीवर सांडलेलं सगळं, शौचखड्ड्यांतलं आणि शेतातल्या खतांचं, त्याच चुनखडीतून झिरपत खाली येतं; अडवायला मातीचा जाड थर नाही. आणि पिण्याचं पाणीही याच दगडातून येतं.

वायादोलिदला कधी गेलात, तर पोहण्याआधी मठातल्या घुमटीत जा आणि एकदा खाली वाकून बघा.